रजिस्टर बाइंडिंगला गेलंय

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता बाइंडर नोंदणी कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीसमोर उभा राहिला, तो आठव्यांदा. काम म्हणाल तर एवढंसं होतं. मुलीच्या जन्माचा दाखला हवा होता. अठरा वर्षं तिचं सगळं दवाखान्याच्या चिठ्ठीवर भागलं होतं. शाळेनेही ती चिठ्ठी चालवून घेतली होती. आता नर्सिंगच्या प्रवेशाला मात्र शिक्क्याचा दाखलाच लागत होता आणि शुक्रवार ही शेवटची तारीख होती. शुक्रवार चुकला की पोरीचं वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की तिच्या मावशीने आणलेलं स्थळ घरात पुन्हा ठाण मांडून बसणार, हे बाइंडरला चांगलं ठाऊक होतं. पोरगी काही बोलत नव्हती. रोज संध्याकाळी तो घरी आला की फक्त त्याच्या हाताकडे बघायची.

पहिल्या सात खेपांत त्याला सात कारणं मिळाली होती. अर्ज जुन्या नमुन्यातला आहे. झेरॉक्सवर सही नाही. सही आहे, पण शाई काळी आहे. संगणक बंद आहे. संगणक चालू आहे, पण त्यात इतकी जुनी वर्षं नाहीत, मूळ रजिस्टर बघावं लागेल. रजिस्टर बघणारे रजेवर आहेत. ते रजेवरून आलेत, पण जेवायला गेलेत. माणसाने हसावं की कपाळ बडवून घ्यावं, असा प्रकार. सातव्या दिवसापर्यंत बाइंडर हसत होता.

आठव्या दिवशी खिडकीतल्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "त्या वर्षाचं रजिस्टर बाइंडिंगला गेलंय."

बाइंडर जागच्या जागी थांबला. मग अगदी सावकाश म्हणाला, "कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे? बाइंडरकडे."

"मॅडम, या कार्यालयाचा बाइंडर मीच आहे."

खोटं नव्हतं ते. या कार्यालयाची रजिस्टरं त्याच्या वडिलांपासून त्याच्याच दुकानात यायची. मागच्या दाराने हातगाडीवर यायची आणि मागच्या दारानेच परत जायची, त्यामुळे पुढच्या खिडकीतलं कुणी त्याला ओळखत नव्हतं. या वर्षात त्याच्याकडे एकही रजिस्टर आलेलं नव्हतं. बाइंडरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रजिस्टर यांनी हरवलंय, नाहीतर भिजवलंय, आणि खापर आपल्या दुकानावर फोडताहेत.

"मला जावक वही दाखवा," तो म्हणाला. इतका ठाम आवाज त्याने त्या इमारतीत पहिल्यांदाच काढला होता.

मॅडमनी कंटाळून लांबट वही काढली आणि खिडकीच्या फटीतून अर्धी बाहेर सरकवली. नोंद तीन आठवड्यांपूर्वीची होती. जन्म रजिस्टर, एक नग, दुरुस्तीसाठी. परतीची तारीख, येता गुरुवार. नेणाऱ्याच्या रकान्यात त्याच्याच दुकानाचं नाव, आणि पुढे सही.

सही त्याची नव्हती. ती आप्पांची होती, त्याच्या वडिलांची. शेवटचं अक्षर शेपटासारखं खाली ओढायची त्यांची सवय त्याने हजार पावत्यांवर पाहिली होती. सहीच्या कडेला अंगठ्याचा ठसा होता. शाईचा नव्हे, पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा. वाळून चकचकीत झालेला. आणि त्या ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती. तरुणपणी कटिंग मशीनच्या पात्याने आप्पांचा अंगठा फाटला होता, त्याची ती खूण.

आप्पांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

"कोण आलं होतं न्यायला?" बाइंडरने विचारलं.

"मी काय दारात उभी असते का? जेवणाच्या सुट्टीत नेलं कुणीतरी. गुरुवारी येईल परत. पुढचे..."

त्याच्या पुढचं, म्हणजे खरं तर मागचं, कोण होतं ते बघायची त्याला गरज नव्हती. बाकावरच्या मावशी होत्या. कुठल्या नात्याच्या नव्हेत. दोन आठवडे एकाच बाकावर बसून झालेल्या. हातात पिवळी पिशवी, पिशवीत मुलाचे कागद. मुलाला जहाजावर नोकरी लागली होती, महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं, आणि त्याचा जन्मही त्याच वर्षातला, म्हणजे त्याच रजिस्टरातला. बाइंडर पाणी प्यायला उठला की मावशी त्याच्या जागेवर पिशवी ठेवायच्या. त्या उठल्या की तो आपली तंबाखूची डबी ठेवायचा. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्माचं वजन, सगळं बाइंडरला तोंडपाठ झालं होतं.

"काय म्हणाल्या हो, दादा?"

"गुरुवारी," बाइंडर म्हणाला. सहीबद्दल बोलला नाही. ज्या गोष्टीचा आपल्यालाच पत्ता नाही ती लोकांना काय सांगायची?

दुकानाकडे चालता चालता त्याने मनात आरोपी पक्का केला होता. धाकटा भाऊ. आप्पा गेल्यावर दुकानावरून दोघांत वाजलं होतं, आणि लहानपणी प्रगतिपुस्तकावर आप्पांची हुबेहूब सही करण्यात त्या पठ्ठ्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. चार वर्षांनी बाइंडरने त्याला फोन लावला आणि रामराम न करता थेट विचारलं.

भाऊ आधी हसला. मग म्हणाला, "दादा, आप्पांची सही मी शेवटची नववीत केली. गणितात नापास झालो होतो तेव्हा. कुठल्या वर्षाचं रजिस्टर म्हणालास?"

बाइंडरने वर्ष सांगितलं.

"तुझ्या पोरीच्या जन्माचं," भाऊ म्हणाला. "तुला आठवतं का रे, आप्पा शेवटच्या दुखण्यात सारखं काय बडबडायचे? एक ओळ गेली माझ्या हातून. एक ओळ गेली. आपण म्हणायचो, ताप डोक्यात गेलाय."

बाइंडरला आठवलं. आठवलं म्हणून त्याने फोन ठेवला. धंद्यातला माणूस होता तो, त्याला फोड करून सांगायला नको होतं. रजिस्टर शिवताना एखादं पान चुकून बोटभर खाली घसरतं. शिलाई झाली की कडा सारख्या करायला गठ्ठा मशीनखाली जातो. पातं सगळ्यांना एकाच मापाने कापतं, आणि घसरलेल्या पानाची तळाची ओळ कातरणात जाते. कातरण संध्याकाळी झाडून टाकतात. कुणाला पत्ता लागत नाही. ज्याच्या हातून झालं त्यालाच नंतर कधीतरी उमगतं, आणि तो मूग गिळून बसतो.

त्याने दुकानाचं कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थबकला. आत खळीचा वास होता. मैदा शिजवून, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून केलेल्या ओल्या खळीचा. बाइंडर कित्येक वर्षं डब्यातला तयार गोंद वापरत होता. खळीचं पातेलं माळ्यावर पालथं पडलेलं होतं. त्याने शिडी लावून बघितलं. पातेलं कोरडं होतं, धूळही जागेवर होती. खाली आला, तर कोपऱ्यातल्या आप्पांच्या जुन्या कटिंग मशीनवरचं फडकं घडी घालून बाजूला ठेवलेलं दिसलं. पात्याला तेल दिलेलं होतं.

"तू आली होतीस का दुकानात?" त्याने घरी बायकोला विचारलं.

"मला काय हौस आहे? का हो?"

"काही नाही," तो म्हणाला. पण त्या दिवसापासून तो तिच्याकडेही जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागला, आणि दुकानाची किल्ली कमरेला बांधून ठेवायला लागला.

गुरुवारी कार्यालय उघडायच्या आधीच तो बाकावर जाऊन बसला. रजिस्टर आणणारा जो कोणी असेल त्याला रंगेहाथ पकडायचाच, असं त्याने ठरवलं होतं. बाकासमोरच कार्यालयाचं पुढचं दार होतं. मागचं दार तो येताना ओढून बघून आला होता. त्याला बाहेरून कुलूप होतं. डोळ्यांत तेल घालून तो बसला. फायली घेऊन शिपाई आत गेला, बाहेर आला. चहाचे पेले आत गेले, बाहेर आले. रजिस्टर काही आलं नाही.

दीड वाजता खिडक्यांची शटरं धडाधड खाली आली. मॅडम डबा घेऊन बाहेर पडल्या, त्यांच्यामागून बाकीचे. शेवटी शिपायाने दाराला कुलूप घातलं आणि बाकावर उरलेल्या दोघांना, बाइंडरला आणि मावशींना, म्हणाला, "तुम्ही पण जेवून घ्या की."

कॉरिडॉर रिकामा झाला. वरचा पंखा कुणीतरी बंद करून गेलं होतं. उकाड्याने मावशींची मान बाजूला कलली, हातातली पिशवी घट्टच राहिली. भरदुपार होती, बाहेर रस्त्यावर रिक्षाचे भोंगे वाजत होते. पण ते भोंगे हळूहळू लांब गेल्यासारखे वाटायला लागले, आणि त्या शांततेत बाइंडरला चार नंबरच्या शटरामागून आवाज आला.

ठक... ठक... ठक...

लाकडी हातोडीने रजिस्टरची पाठ गोल करतानाचा आवाज. जगातल्या कुठल्याही आवाजात त्याने तो ओळखला असता. त्या आवाजावर तो लहानाचा मोठा झाला होता. मग थोडी शांतता. मग पात्याचा तो लांब, सावकाश खर्रर्र... आणि शटराच्या खालच्या फटीतून वास आला. मोरचुदाचा, ओल्या खळीचा.

बाइंडर उठला. शटराला तोंड लावून तो कुजबुजला, "कोण... कोण आहे आत?"

हातोडी थांबली.

मग शटराच्या पलीकडून, अगदी जवळून, म्हणजे मधे फक्त पत्रा असावा इतक्या जवळून, कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, "झालंच... थोडं वाळू दे."

घाई करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आप्पा हेच सांगायचे. शब्दही हेच, आणि मधलं थांबणंही हेच.

बाइंडर बाकावर परत कसा आला ते त्याचं त्याला कळलं नाही. अडीचला शिपाई आला, त्याने कुलूप काढलं, शटरं वर गेली. चार नंबरच्या टेबलावर जाडजूड रजिस्टर होतं. नवा पुठ्ठा, पाठीला नवं कापड.

"आलं वाटतं," मॅडम म्हणाल्या. कुणी आणलं, कसं आणलं, हा प्रश्न त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही. आलेल्या वस्तूचं कार्यालयात कुणाला आश्चर्य वाटत नाही. "बोला, तारीख काय?"

नोंद मिळाली. दोनशे बारा नंबर, पानाच्या तळाशी शेवटची ओळ. आईचं नाव, बापाचं नाव, मुलगी. मॅडमनी दाखला उतरवला, साहेबांची सही झाली, शिक्का बसला. सगळं मिळून वीस मिनिटं. ज्यासाठी दोन आठवडे चपला झिजवल्या ते वीस मिनिटांत झालं, आणि बाइंडरला आनंद झाला, खराखुरा आनंद झाला. आप्पांनी आपलं देणं फेडलं, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

"सही करा इथे, मिळाल्याची," म्हणत मॅडमनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

तेव्हा त्याने ते पान जवळून पाहिलं. शेवटची ओळ वेगळ्या पट्टीवर होती. बोटभर रुंदीची पट्टी पानाला तळाशी जोडलेली होती, इतकी बेमालूम की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. जोड अजून ओलसर होता. कागद त्याच रजिस्टरचा, तेवढाच जुना, तेवढाच पिवळा. एवढा जुळणारा कागद कुठून आणला? त्याने पान खिडकीच्या तिरप्या उजेडात धरलं. पोरीच्या नावाखाली कागद खरवडून पातळ केलेला होता. धारदार चाकूने अक्षरं उडवायची आप्पांची जुनी हातोटी. पण चाकू शाई काढतो, टाकाने उमटलेले ओरखडे काढत नाही. उजेडात ते ओरखडे उठून दिसले. तिथे आधी एका मुलाचं नाव होतं.

ते नाव बाइंडरला तोंडपाठ होतं.

त्याने सही केली. दाखला खिशात घातला. बाजूला झाला, पण गेला नाही. मावशी पिवळी पिशवी छातीशी धरून खिडकीशी आल्या. मॅडमनी पानं उलटली, बोट खाली आणलं, पुढचं पान बघितलं, परत मागे आल्या.

"दोनशे सदुसष्ट आहे. पुढे एकदम दोनशे एकोणसत्तर. मधला नंबर सुटलाय. तुमची नोंद नाही, बाई."

"सुटलाय म्हणजे? असा कसा सुटेल हो? मी स्वतः अंगठा... सही केली होती तेव्हा."

"ते मला नका सांगू. नोंद नाही म्हणजे नाही. कोर्टातून आदेश आणा."

"कोर्टातून? महिनाअखेरीला हजर व्हायचंय त्याला!" मावशी वळल्या. बाइंडर तिथेच उभा होता. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "दादा, बरं झालं तुम्ही आहात. तुम्हाला यातलं कळतं. जरा बघा ना. पान कापलं-बिपलं गेलंय का?"

मॅडमनीही रजिस्टर पुढे केलं. बघा तर बघा.

बाइंडरने पानाच्या तळाशी अंगठा फिरवला. शेजारच्या पानांपेक्षा ते एका ओळीने आखूड होतं. कापलेली कड अजून पांढरीशुभ्र होती. अंगठ्याला धार लागली. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. मग चौकशी झाली असती, पट्टी सापडली असती, आणि खिशातल्या दाखल्याची किंमत रद्दीइतकी झाली असती. उद्या शुक्रवार होता. त्याला पोरीची नजर आठवली, रोज संध्याकाळी हाताकडे बघणारी.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "पान बरोबर आहे."

मावशींनी विश्वास ठेवला. ठेवणारच, बाइंडरचा शब्द होता तो.

घरी पोरीने दाखला दोन्ही हातांनी घेतला, वाचला, परत वाचला. मग उलटा करून म्हणाली, "बाबा, हे मागे काय लागलंय? चिकट आहे."

"काही नसेल," तो म्हणाला आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागला. कितीतरी वेळ धूत होता. अंगठ्याला काहीतरी चरचरत होतं. त्या पांढऱ्या कडेने कापलं असावं.

शुक्रवारी सकाळी पोरीचा प्रवेश झाला. तिने फोन करून सांगितलं, तेव्हा तिला हसताना ऐकून बाइंडर दुकानात एकटाच बसून रडला. आणि रडून झाल्यावर त्याने ठरवलं, की आता जाऊन सांगायचं. प्रवेश झालाय, आता काय व्हायचं ते होवो. पट्टी दाखवायची, मावशींच्या मुलाची ओळ त्याला परत द्यायची. दुपारी तो कार्यालयात पोचला तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं.

"मॅडम, कालचं रजिस्टर जरा काढता का? मला एक सांगायचंय त्याच्याबद्दल."

मॅडमनी आज मान वर केली. त्याच्याकडे नीट बघितलं. "थट्टा करता का?"

"थट्टा कसली?"

"रजिस्टर बाइंडिंगला गेलंय. आत्ता जेवणाच्या सुट्टीआधी तुम्हीच तर घेऊन गेलात. एक ओळ राहिली म्हणालात."

मॅडमनी जावक वही फटीतून अर्धी बाहेर सरकवली. आजची तारीख होती. जन्म रजिस्टर, एक नग. नेणाऱ्याच्या रकान्यात सही होती, आणि या वेळी ती आप्पांची नव्हती. त्याची होती. रोज करतो तशी, जराही कमीजास्त नाही. कडेला खळीचा अंगठा, अजून ओला. ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती.

परतीच्या तारखेचा रकाना कोरा होता.

बाइंडरने आपला हात वर करून अंगठा बघितला. मग तो हात त्याने खिशात घातला आणि बाहेर काढला नाही.

"पुढचे," मॅडम म्हणाल्या.

मागे बाकावर मावशी बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी शेजारची पिवळी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि हाताने बाक झटकला.

"बसा, दादा," त्या म्हणाल्या. "तुमची जागा धरून ठेवलीय."